वर्षावन, रान आणि नावे : सह्याद्रीच्या सदाहरित वनांच्या अभ्यासातील एक उणीव

उष्ण कटिबंधातील वर्षावनांच्या जैवविविधतेविषयी गेल्या काही दशकांत जे संशोधनसाहित्य प्रसिद्ध झाले आहे, त्यातील बराचसा भाग आपल्याच अज्ञानाचे मोजमाप करण्यात गुंतलेला आहे. कोणत्या जातींचे अद्याप वर्णन झालेले नाही, कोणते प्रदेश अभ्यासकांनी पाहिलेले नाहीत, कोणती निरीक्षणे एकदाच झाली आणि पुन्हा झाली नाहीत, यांच्या याद्या पुनःपुन्हा तयार होत असतात. ही वृत्ती शास्त्रास शोभणारीच आहे. परंतु अज्ञानाची यादी करणारा मनुष्य ती स्वतःच्या भाषेत करतो, आणि त्या भाषेत ज्या गोष्टीस शब्द नाही ती गोष्ट यादीतूनही निसटते. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. वनस्पती ओळखण्याचा कोणताही अधिकार त्याच्यापाशी नाही. तथापि सह्याद्रीच्या सदाहरित वनांवरील ग्रंथ व अहवाल वाचीत असता जी एक उणीव त्यास वारंवार जाणवली, ती भाषेच्या क्षेत्रातली असल्यामुळे तिच्याविषयी चार शब्द लिहिणे अनधिकाराचे ठरू नये.

परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकांनी केलेली स्वतःची झाडाझडती प्रथम पाहू. २०१५ साली होर्ताल आणि त्यांचे सहकारी यांनी जैवविविधतेच्या ज्ञानातील सात तुटींची मांडणी केली. जातींना शास्त्रीय नावे मिळालेली नाहीत, ही लिनीअसच्या नावाने ओळखली जाणारी तूट. जातींचा भौगोलिक विस्तार ठाऊक नाही, ही वॉलेसच्या नावाची. त्याखेरीज संख्या, वंशसंबंध, सहनशक्ती, गुणलक्षणे आणि परस्परसंबंध यांविषयीच्या पाच. मांडणी अत्यंत उपयुक्त आहे. पण तिच्यातील पहिली तूट वाचताच भाषेच्या अभ्यासकाच्या मनात एक शंका उभी राहते. येथे 'नाव नसणे' याचा अर्थ लॅटिन नाव नसणे एवढाच आहे. ज्या जातीस लॅटिन नाव नाही तिला दुसरे कोणते नाव आहे काय, ते कोणाच्या तोंडी आहे, आणि ते बोलणारे उद्या नसतील तर त्याबरोबर काय जाईल, हा प्रश्न सातांपैकी कोणत्याच तुटीत बसत नाही.

परभणीसारख्या ठिकाणी बसून वर्षावनांविषयी लिहिणे काहीसे विनोदी वाटण्याचा संभव आहे. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वन म्हणण्याजोगे जे काही आहे ते जिंतूरकडच्या टेकड्यांवर विरळ उभे आहे. पण या विषयाकडे लेखकाचे लक्ष गेले ते इथेच. आमच्या पदव्युत्तर वर्गात दोडामार्ग तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी होता. वसतिगृहातील त्याचा सोबती पहाटे घरच्या लोकांशी बोलताना 'आबा रानात गेले' असे म्हणाला, तेव्हा या विद्यार्थ्यास वाटले की म्हाताऱ्या माणसाला एकट्याने झाडीत कशाला धाडले! परभणीकडे रान म्हणजे शेत. रान नांगरतात, रानात कापूस असतो, रान विकतात. दक्षिण कोकणात रान म्हणजे जेथे वाट मोडते ती झाडी. दोन्हींचे मूळ एकच : संस्कृत 'अरण्य', प्राकृत 'रण्ण', मराठी 'रान'. एकाच भाषेच्या दोन टोकांस एकच शब्द नांगरलेल्या जमिनीचा आणि न नांगरलेल्या जमिनीचा वाचक व्हावा, ही केवळ गमतीची बाब नव्हे. वनाखालची जमीन आणि नांगराखालची जमीन यांत शास्त्रीय अहवाल जी रेषा ओढतात, ती बोलणाऱ्याच्या मनात तितकी ठाम कधीच नव्हती, असा याचा अर्थ होतो.

'जंगल' या शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. चरक-सुश्रुतांच्या परिभाषेत 'जांगल' देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, काळवीट जेथे चरते असा प्रदेश. त्याच्या उलट पाणथळ आणि दाट तो 'आनूप'. फ्रान्सिस झिमरमान या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या द्वंद्वाचा सविस्तर विचार केला आहे. या जुन्या व्याख्येप्रमाणे पाहता जांगल देश तो आमचा मराठवाडा, आणि आंबोलीचा घाट तो आनूप. पुढे 'जंगल' हा शब्द इंग्रजीत गेला, तेथे ओलसर, अभेद्य झाडीचा वाचक बनला आणि त्याच अर्थाचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आला. आज उष्ण कटिबंधातील वर्षावन म्हटले की साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्याचे नाव काळविटाच्या माळावरून उचललेले आहे!

आता 'वर्षावन' हा शब्द घेऊ. कारण येथे शब्दाने केवळ गंमत केलेली नाही, अभ्यासाची दिशाही थोडीफार ठरविली आहे. १८९८ साली शिंपर या जर्मन वनस्पतिभूगोलज्ञाने 'रेगेनवाल्ड' ही संज्ञा रूढ केली. इंग्रजीतून ती आपल्याकडे आली आणि 'वर्षावन' झाली. शिंपरने आपल्या ग्रंथात दोन प्रकारांत स्पष्ट भेद केला होता. ज्या प्रदेशात वर्षभर पाऊस पडतो तेथले ते रेगेनवाल्ड. जेथे पावसाचा एक ऋतू आणि कोरडा एक ऋतू, तेथले ते 'मोन्सूनवाल्ड', म्हणजे मोसमी वन. पण मराठीत आणि संस्कृतातही 'वर्षा' म्हणजे नुसता पाऊस नव्हे. वर्षा हा ऋतू आहे. तेव्हा 'वर्षावन' या समासाचा सरळ अर्थ 'पावसाळ्याचे वन' असाच होतो, म्हणजे शिंपरने जे वेगळे काढले नेमके तेच. भाषांतर करणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या दृष्टीने पाहिले तर त्याने नकळत अधिक खरा शब्द घडविला असे म्हणावयास हरकत नाही.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मनौस येथे सुमारे २,३०० मिलिमीटर पडतो. पण महाबळेश्वरचा जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि मग सात-आठ महिने झाडांस दव-धुक्यावर व जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. तेथील सदाहरित झाडी म्हणूनच बुटकी, पिळदार आणि घट्ट छत्रीची आहे. तिला काय म्हणावे याविषयी शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणात महाबळेश्वरकडील वन 'पश्चिमेकडील उपोष्ण रुंदपर्णी डोंगरी वन' या कप्प्यात पडते. पुदुचेरीच्या फ्रेंच संस्थेतील पास्कल यांनी १९८८ साली पश्चिम घाटाच्या आर्द्र सदाहरित वनांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात हेच वन अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या साहचर्याने ओळखले जाणारे सदाहरित वन म्हणून येते. म्हणजे एका ग्रंथाप्रमाणे ते उष्ण कटिबंधी वर्षावनांच्या चौकटीबाहेर, दुसऱ्याप्रमाणे आत. ज्या वनाचे नावच निश्चित नाही ते वन दोन्ही याद्यांच्या कडेला राहते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाच्या मानाने उत्तर सह्याद्रीचा अभ्यास कमी झाला आहे ही तक्रार जुनी आहे. तिची कारणे अनेक आहेत. प्रदेशनिष्ठ जातींची संख्या दक्षिणेत अधिक, हे त्यांपैकी एक. पण 'हे खरे वर्षावन नव्हेच' ही समजूतही त्यांत धरली पाहिजे, आणि ती समजूत निसर्गातून आलेली नसून व्याख्येतून आलेली आहे.

कालमर्यादेचा प्रश्नही येथे ओझरता सांगितला पाहिजे. पनामातील बारो कोलोराडो बेटावर पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखून १९८०च्या सुमारास तेथील प्रत्येक झाडाची मोजणी सुरू झाली आणि ती आजवर ठरावीक अंतराने चालू आहे. कर्नाटकातील उप्पंगळा येथेही सदाहरित वनातील कायम तुकड्यांवर १९८९-९० पासून मोजणी होत आली. आपल्याकडील बहुतेक काम मात्र प्रबंधाच्या निमित्ताने होते, आणि प्रबंधाचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे. कारवी सात, क्वचित आठ वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने फुलोऱ्याच्या दुसऱ्या वर्षी नोंदणी केली तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कारवी त्याच्यासाठी फुललेलीच नसते. डोंगरातल्या माणसाला मात्र आपल्या आयुष्यातले कारवीचे पाच-सहा फुलोरे आठवतात. वर्षावनाचा अभ्यास वर्षाऋतूत करणे हेही सोपे काम नाही. वाटा बंद, ओढे भरलेले, अंगावर जळवा. ज्यांनी ते केले त्यांच्या पदरी काय पडले याचे उदाहरण कोयनेजवळच्या हुंबर्ली गावचे आहे. तेथील ओढ्यांत आढळणाऱ्या एका रातबेडकाचे शास्त्रीय वर्णन भादुरी व कृपलानी यांनी १९५५ साली केले होते. त्याच्या नर-मादीचा मीलनप्रकार जगातील अन्य बेडकांहून निराळा आहे, हे पावसाळ्यातल्या चाळीस रात्री ओढ्यात उभे राहून निरीक्षण करणाऱ्या मंडळींनी २०१६ साली जाहीर केले. नाव मिळाल्यापासून एकसष्ट वर्षे! नाव देणे आणि ओळख होणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

आता मुख्य मुद्दा. वनस्पतींच्या कोणत्याही प्रादेशिक ग्रंथात शास्त्रीय नावानंतर 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. डॅल्झेल व गिब्सन यांचा १८६१चा ग्रंथ, कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याचा ग्रंथ, आणि त्यानंतरचे अनेक ग्रंथ, प्रबंध व अहवाल यांतून हा रकाना चालत आलेला आहे. लॅटिन नावाविषयी हे ग्रंथ किती दक्ष असतात! कोणी, कोणत्या वर्षी, कोठे गोळा केलेल्या नमुन्यावरून नाव दिले, तो नमुना कोणत्या संग्रहालयात आहे, हे सांगितल्यावाचून नाव ग्राह्य धरले जात नाही. शेजारच्या रकान्यातील मराठी नावास यातले काहीही लागत नाही. ते कोणत्या गावचे, कोणी सांगितले, सांगणारा कातकरी होता, महादेव कोळी होता, गवळी धनगर होता की वनखात्याचा पहारेकरी होता, केव्हा सांगितले, हे कळावयास मार्ग नसतो. एकाच पानावर एका नावास पुराव्याची अट आणि दुसऱ्यास पूर्ण सूट, असा हा व्यवहार आहे.

पूर्वी असेच होते म्हणावे तर तसेही नाही. डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापविला. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे साहाय्य तर होतेच, शिवाय रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचेही होते. त्यांची नावे ग्रंथात आहेत. त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र छापलेले आहे. आणि वनस्पतींच्या चित्रांवर रोमन, मल्याळी व अरबी लिप्यांबरोबर नागरी लिपीतही नावे दिलेली आहेत. सांगणारा कोण, भाषा कोणती, लिपी कोणती, हे तिन्ही सतराव्या शतकातल्या एका परकीय अधिकाऱ्याने जपले. पुढे लिनीअसने या ग्रंथाचा उपयोग केला, आणि त्यानंतरच्या दोन शतकांत शास्त्र जसजसे काटेकोर होत गेले तसतशी सांगणाऱ्या माणसाची नोंद मात्र पुसट होत गेली.

इलाख्याच्या ग्रंथांत मराठी नावे रोमन लिपीत आली आणि त्यांचे आणखी नुकसान झाले. साध्या रोमन लेखनात 'ळ' आणि 'ल' यांस एकच चिन्ह, 'ट' आणि 'त' यांस एकच, ऱ्हस्वदीर्घाचा तर पत्ताच नाही. 'हेळा' हे कोकणाकडे बेहड्याचे नाव. ते रोमनातून पुन्हा नागरीत आणणाऱ्याने 'हेला' असे लिहिले तर झाडाचा रेडा होतो. हे विनोद म्हणून सोडून देता येईल. पण पुढील उदाहरण तसे सोडता येणार नाही. 'अंजन' हे नाव पाहा. खानदेशात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा, कोरड्या पानझडी वनातला उंच, चिवट लाकडाचा वृक्ष. सह्याद्रीच्या माथ्यावर अंजन किंवा अंजनी म्हणजे मेमिसायलॉन अंबेलेटम, सदाहरित वनातले जांभळ्या-निळ्या फुलांच्या झुबक्यांचे लहान झाड. दोहोंचा एकमेकांशी कुळाचा संबंध नाही, आणि एक ज्या प्रकारच्या वनाची खूण आहे तो दुसऱ्याच्या नेमका विरुद्ध प्रकार. जुन्या दप्तरात 'अंजनाची झाडी' असा उल्लेख सापडला आणि त्यावरून शंभर वर्षांपूर्वी त्या डोंगरावर कोणते वन होते हे ठरवावयाचे झाले, तर सारा निर्णय त्या एका शब्दावर, आणि तो कोणत्या बोलीत उच्चारला गेला यावर अवलंबून राहील. वनांच्या इतिहासाचे असे अभ्यास आज होत आहेत आणि त्यांची गरजही आहे.

बाजाराची भाषा हा गोंधळ आणखी वाढविते. नागकेशर म्हणजे ग्रंथांत मेसुआ फेरिया. पण बाजारातले 'तांबडे नागकेशर' म्हणजे सुरंगीच्या कळ्या, आणि सुरंगी हे दक्षिण कोकणातील निराळेच झाड. नागकेशराचा खप किती यावरून मेसुआची तोड किती झाली याचा हिशेब जो करील, त्याचा हिशेब शब्दातच चुकलेला असेल.

येथे वनस्पतिशास्त्राचा एखादा अध्यापक असा आक्षेप घेईल की, हाच तर आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. लोकांची नावे अस्थिर, अनेकार्थी आणि म्हणूनच शास्त्रास निरुपयोगी आहेत. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु अनेकार्थी असणे हा नावाचा दोष नसून नोंदीचा आहे. 'अंजन, खानदेश' आणि 'अंजन, महाबळेश्वर' असे लिहिले की दोन्ही नावे आपापल्या जागी पूर्णपणे नेमकी आहेत. दुसरे असे की, लोकांचे वर्गीकरण ढोबळच असते हे गृहीत धरण्यास आधार नाही. फिलिपाइन्समधील मिंदोरो बेटावरील हानुनू लोकांविषयी हॅरल्ड कॉन्क्लिन याने १९५४ साली आपला प्रबंध पूर्ण केला. आपल्या परिसरातील वनस्पतींचे सोळाशेहून अधिक प्रकार हे लोक नावाने ओळखतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तेथल्या त्याच वनस्पतींच्या जाती त्याहून बऱ्याच कमी भरतात, असे त्याला आढळले. म्हणजे ढोबळ कोण, हा प्रश्न निदान त्या बेटापुरता तरी उलट बाजूने विचारावा लागेल. कॉन्क्लिनला हे साधले, कारण तो आधी भाषा शिकला आणि मग झाडे विचारली.

सह्याद्रीतले नरक्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या झाडाचा वास दुर्गंधीयुक्त, म्हणून हे नाव. काही भागांत त्यालाच 'अमृता' म्हणतात, हा विरोधाभासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कर्करोगावरील औषधांस आधारभूत झालेले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली वॉल व वानी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले, आणि गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली ते आपल्या नरक्यात दाखविले. पुढे त्याच्या लाकडास परदेशांतून मागणी आली आणि सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली. व्यापाऱ्याने वर्गीकरणाचा ग्रंथ उघडला नाही. त्याने गावात जाऊन 'नरक्या कोठे आहे' असे विचारले आणि त्याला सांगितले गेले. कोणत्या खोऱ्यात हे झाड किती, ही माहिती अस्तित्वात होती, नावाखाली लावलेली होती आणि विचारताच मिळण्याजोगी होती. ती व्यापाराला मिळाली, शास्त्राला उशिरा मिळाली. वॉलेसच्या नावाची तूट म्हणतात ती कित्येकदा ज्ञानाची तूट नसून विचारपूस न केल्याची तूट असते.

हा सारा दोष वनस्पतिशास्त्राच्या माथी मारून मोकळे होण्याचा लेखकाचा हेतू नाही. आमच्या शास्त्राची बाजू फारशी उजळ नाही. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड, मराठीचा, १९०५ साली निघाला. त्यात कातकऱ्यांच्या बोलीचीही दखल आहे. पण त्या सर्वेक्षणात बोलीचा नमुना म्हणून सर्वत्र घेतलेला मुख्य मजकूर कोणता, तर बायबलातील उधळ्या पुत्राची कथा. ज्या लोकांचे नाव खैराच्या कातावरून पडले, त्यांच्या बोलीचा नमुना वाटणी मागणाऱ्या धाकट्या मुलाच्या आणि डुकरांच्या कथेतून घेतला गेला. क्रियापदांची रूपे मिळाली. झाडे कोठून मिळणार? डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत 'कुडाळी'चा ग्रंथ १९६५ साली आला. ध्वनी, रूप आणि शब्दसंग्रह या दृष्टींनी त्याचे मोल मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा प्रश्न नाही. परंतु एखाद्या शब्दाखाली फांदी वाळवून जोडावी आणि वनस्पतिसंग्रहातील तिचा क्रमांक कोशात द्यावा, ही कल्पनाच आमच्या शिक्षणात कधी नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञाकडे नमुना आहे, बोलणारा नाही. आमच्याकडे बोलणारा आहे, नमुना नाही. दोन्ही विभाग बहुधा एकाच विद्यापीठात, कधीकधी एकाच इमारतीत असतात.

पश्चिम घाटाविषयीच्या दोन प्रसिद्ध अहवालांची भाषा या दृष्टीने कोणी तपासावी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली दिलेला अहवाल सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत घाट विभागतो. कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३चा अहवाल उपग्रहचित्रांच्या आधारे 'नैसर्गिक भूप्रदेश' आणि 'सांस्कृतिक भूप्रदेश' असा भेद करून सुमारे ३७ टक्के प्रदेश संवेदनशील ठरवितो. पहिल्याने निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला, म्हणून तो लेखकास अधिक ग्राह्य वाटतो. पण 'नैसर्गिक' व 'सांस्कृतिक' ही फोड 'रान' म्हणणाऱ्या माणसास कशी समजावून सांगावी? भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा, त्यासाठी झाडांचे टहाळ तोडावयाचे, आणि देवाच्या राईतली वाळकी काडीही उचलावयाची नाही. या तिन्ही गोष्टी एकच कुटुंब एकाच डोंगरावर करीत आले. राई सदाहरित राहिली ती माणसाच्या अनुपस्थितीत नव्हे. तिला कोणत्या रकान्यात घालणार?

या नावांस आता फार वेळ उरलेला नाही. कोयनेच्या जलाशयाखाली गावे गेली तेव्हा खोऱ्यातली माणसे सोलापूर, सांगली, ठाणे अशा जिल्ह्यांत वसविली गेली. चांदोलीच्या वनातील अनेक गावे पुढे अभयारण्यासाठी व राष्ट्रीय उद्यानासाठी उठली. वन राखले गेले, हे खरे. पण त्या वनातील झाडांची नावे ज्यांच्या तोंडी होती त्यांची नातवंडे आज माळावर उसाच्या शेजारी वाढत आहेत, आणि जे झाड डोळ्यांसमोर नाही त्याचे नाव दुसऱ्या पिढीत टिकत नाही. लॅटिन नाव नसलेली जात उद्या कोणी शोधू शकेल. ती अद्याप तेथे असेल तर. कोणीही न लिहिलेले नाव बोलणाऱ्याबरोबर जाते ते परत शोधता येत नाही.

जैवविविधता कायद्याने (२००२) आणि त्याखालील नियमांनी (२००४) गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करावयास सांगितले, आणि या वह्या मराठीत लिहिल्या जातात, ही आजवर या कामात झालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यांस ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, आणि मग काय झाले असेल ते सरकारी मुदतींची सवय असलेल्या वाचकांनी ताडावे. लेखकाने पाहिलेल्या एका वहीत गावच्या झाडांची नावे शालेय पुस्तकांतल्या प्रमाण मराठीत ओळीने लिहिलेली होती आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक पानावर एकच सही होती. गाव बोलते एक आणि वही लिहिते दुसरे. लेखनिकास नाव शुद्ध करून लिहिण्याची शिकवण आम्हीच दिलेली आहे, तेव्हा त्यास तरी काय बोलावे! मराठवाड्यास डॉ. वि. ना. नाईक यांचा वनस्पतिग्रंथ (१९९८) लाभला आहे. त्यातील जातींची यादी हाती घेऊन आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी जिंतूर तालुक्यातील पाच गावांत नावे विचारली, प्रत्येक नावाबरोबर सांगणाऱ्याचे वय, गाव आणि बोली लिहिली, उच्चार ध्वनिमुद्रित केला आणि फांदी शेजारच्या विभागात दिली, तर एका वर्षाचा प्रबंधिकेचा विषय सहज होईल. वर्षावनात जाण्यापूर्वी ही सवय येथे, कोरड्या रानातच, लावून घेता येईल.

कारण वर्षावनातले प्रश्न अधिक नाजूक आहेत. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे देवराईत रानजायफळांची एक दलदल आहे. पाण्यातून वर येणारी मुळे असलेल्या या झाडांचे असे वन महाराष्ट्रात असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि उत्तरेकडील त्याची सीमा सरकली. २०२१ साली त्या स्थळास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम तीन हेक्टरांच्या आत. गोव्यात सत्तरी तालुक्यात अशीच दलदल निरंकाराच्या राईत आहे, आणि तिचे वर्णन १९९५ सालचे. ती राई ज्या गावी आहे त्याचे नाव बांबर. येथे बांबर्डे, तेथे बांबर, आणि दोन्हींकडे तेच दुर्मीळ वन. नामसादृश्यावरून व्युत्पत्ती बांधणे हा आमच्या शास्त्रातला सर्वांत जुना मोह आहे आणि त्याला लेखक येथे बळी पडू इच्छीत नाही. दोन गावांची नावे जुळणे हा पुरावा नव्हे. परंतु त्या राईत ज्या घरातले लोक पिढ्यान्पिढ्या देवाचे करीत आले, ते त्या झाडास काय म्हणतात, त्याच्या मुळांस काय म्हणतात, आणि ज्या चिखलात ते उभे आहे त्या जागेस निराळा शब्द आहे काय, हे दोन्ही गावी जाऊन, दोन्ही बोलींत विचारल्यावाचून तो मोह खरा की खोटा हेही ठरविता येणार नाही.